संगीताच्या प्लगइनसाठी सक्तीचे मॅनेजर ॲप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती किंवा लहान स्टुडिओत संगणकावर ध्वनिमुद्रण, संगीत संयोजन आणि मिक्सिंग करणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्लगइन म्हणजे ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरला जोडले जाणारे वाद्य किंवा ध्वनिपरिणाम, आणि मॅनेजर ॲप म्हणजे ते उतरवून बसवणारे कंपनीचे वेगळे सॉफ्टवेअर. या पानाची भूमिका आधीच स्पष्ट करतो. मॅनेजर ॲप उपलब्ध असण्याला माझा आक्षेप नाही, त्याच्या सक्तीला आहे. पैसे मोजून घेतलेले प्लगइन साध्या इन्स्टॉलर फाइलने बसवता आले पाहिजे आणि ती फाइल ग्राहकाला स्वतःजवळ जपून ठेवता आली पाहिजे. पुढची सर्व उत्तरे याच भूमिकेतून लिहिलेली आहेत.

मॅनेजर ॲप म्हणजे नेमके काय? तो प्लगइनचाच भाग असतो का?

नसतो. प्लगइन ही मुळात एक फाइल असते. क्युबेस, लॉजिक, रीपर, एबलटन लाइव्ह यांपैकी ज्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये आपण काम करतो, ते सुरू होताना ठरलेली फोल्डरे तपासते आणि तेथे सापडलेली प्लगइन आपल्या यादीत घेते. विंडोजवर व्हीएसटी३ प्रकारच्या प्लगइनची जागा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील ‘कॉमन फाइल्स’च्या आत ‘व्हीएसटी३’ या फोल्डरमध्ये ठरलेली आहे. मॅकवर मुख्य ‘लायब्ररी’ फोल्डरमधील ‘ऑडिओ’च्या आत व्हीएसटी३ आणि ऑडिओ युनिट (ॲपलचा प्लगइन-प्रकार) यांच्यासाठी वेगवेगळी फोल्डरे असतात. क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली त्यासोबत व्हीएसटी हा प्लगइन-प्रकार आणला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: फाइल योग्य जागी ठेवली की सॉफ्टवेअर तिला ओळखते.

मॅनेजर ॲप हा या व्यवहारात नंतर आलेला मध्यस्थ आहे. ते तुमच्या खात्यात लॉगिन करून घेते, तुम्ही काय विकत घेतले आहे ते कंपनीच्या सर्व्हरवर पाहते, फाइल उतरवते, ती योग्य फोल्डरमध्ये ठेवते, परवाना संगणकावर नोंदवते आणि पुढे अद्ययावत आवृत्त्या कळवत राहते. आवाजाशी त्याचा काहीही संबंध नसतो. रिव्हर्बची, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याची, शेपटी किती लांब असावी किंवा तबल्याच्या सॅम्पलचा कोणता थर वाजावा, हे ठरवण्यात त्याचा वाटा नाही.

कोणाचे कोणते ॲप आहे?

नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे नेटिव्ह ॲक्सेस, वेव्हजचे वेव्हज सेंट्रल, आर्टुरियाचे आर्टुरिया सॉफ्टवेअर सेंटर, आयके मल्टिमीडियाचे प्रॉडक्ट मॅनेजर, टूनट्रॅकचे प्रॉडक्ट मॅनेजर, स्पिटफायर ऑडिओचे स्वतःचे ॲप, ऑर्केस्ट्रल टूल्सचे साइन, रोलंड क्लाउड मॅनेजर, ईस्टवेस्टचे इन्स्टॉलेशन सेंटर, सॉफ्टट्यूब सेंट्रल, अँटारेस सेंट्रल, स्टाइनबर्गचे डाउनलोड असिस्टंट आणि त्याच्या जोडीला ॲक्टिव्हेशन मॅनेजर व लायब्ररी मॅनेजर. ही यादी अपुरी आहे. यांपैकी काहींच्या खाली पेस या कंपनीचे आयलॉक लायसन्स मॅनेजर हा आणखी एक थर असतो. उदाहरणार्थ, सॉफ्टट्यूब किंवा ईस्टवेस्टचे उत्पादन घेतले, तर उतरवण्यासाठी एक ॲप आणि परवान्यासाठी दुसरे, अशी दोन ॲप व दोन खाती सांभाळावी लागतात. कंपन्या एकत्र आल्या की यादी थोडी आटोपते. आयझोटोप आणि प्लगइन अलायन्स यांची उत्पादने आता नेटिव्ह ॲक्सेसमध्ये आणली गेली आहेत. मात्र तेवढ्यासाठी जुन्या ग्राहकांना ओळखीचे ॲप सोडून नव्याची सवय करून घ्यावी लागली.

पूर्वी असे नव्हते. मग हे सुरू का झाले?

कारणे एकापेक्षा अधिक आहेत आणि त्यांतली काही रास्त आहेत, हे मान्य केले पाहिजे.

पहिले कारण आकाराचे आहे. सॅम्पल लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचे संग्रह, सीडी-डीव्हीडीत मावेनाशा झाल्या. स्पेक्ट्रासॉनिक्सच्या ऑम्निस्फिअरची लायब्ररी सुमारे ६४ जीबीची आहे, तर स्पिटफायरच्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची प्रोफेशनल आवृत्ती त्याच्या कितीतरी पटींनी मोठी आहे. एवढा साठा ब्राउझरमधून उतरवताना मध्येच जोडणी तुटली, तर सगळे पुन्हा करावे लागते. तुटलेले काम पुढे चालू करणारे आणि शेवटी फाइल तपासून घेणारे ॲप अशा वेळी खरोखर उपयोगी पडते.

दुसरे कारण ग्राहकसेवेचे. ॲपलने २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिट सॉफ्टवेअर चालवणे बंद केले आणि २०२० च्या अखेरीस स्वतःच्या चिपचे मॅक बाजारात आणले. प्रत्येक वेळी प्लगइन कंपन्यांना हजारो ग्राहकांपर्यंत नवी आवृत्ती पोहोचवावी लागली. सगळ्यांकडे एकच ॲप असेल तर हे काम सोपे होते.

तिसरे कारण परवान्याचे नियंत्रण आणि चौथे विक्रीचे. ॲप उघडताच समोर येणारी सवलतींची जाहिरात, विकत न घेतलेल्या उत्पादनांची यादी, मासिक वर्गणीचे आमंत्रण या गोष्टी ग्राहकाला आपले प्लगइन बसवण्यासाठी लागत नाहीत. साधी इन्स्टॉलर फाइल दिली, तर ग्राहक ती चालवून निघून जातो. ॲप दिले, तर तो पुन्हा पुन्हा कंपनीच्या दारातून जातो. पहिल्या दोन कारणांसाठी ॲप सक्तीचे असण्याची गरज नाही. सक्ती लागते ती शेवटच्या दोन कारणांसाठी, आणि तक्रार तेथूनच सुरू होते.

मला तर ॲप सोयीचे वाटते. सगळे एकाच ठिकाणी दिसते. तक्रार कशाची आहे?

एकाच कंपनीची उत्पादने वापरत असाल, संगणक नवा असेल आणि इंटरनेट चांगले असेल, तर सोय आहेच. अडचण कळते ती काम अडल्यावर.

पुण्यातील एका घरगुती स्टुडिओत समोर बसून पाहिलेला प्रसंग सांगतो. गणेशोत्सव तोंडावर आला होता आणि आरतीसंग्रहाचे मिक्सिंग संपवून द्यायचे होते. गायिका एक ओळ पुन्हा गाण्यासाठी आली होती, हेडफोनमध्ये तानपुरा सुरू होता. प्रोजेक्ट उघडताच आवाजावर लावलेल्या रिव्हर्बने ‘परवाना सापडत नाही’ अशी खिडकी दाखवली. काही मेगाबाइटचे प्लगइन, आदल्या रात्रीपर्यंत नीट चालत असलेले. मॅनेजर ॲप उघडले, तर त्याने आधी स्वतःची नवी आवृत्ती बसवायला सांगितले आणि तोवर पुढे जाऊ दिले नाही. ती बसवायला संगणकाचा प्रशासक पासवर्ड लागला. ती बसल्यावर ॲपने जुने लॉगिन रद्द केले आणि नव्या लॉगिनसाठी ईमेलवर कोड पाठवला. खाते होते स्टुडिओच्या मालकाच्या नावावर, आणि मालक त्या वेळी प्रवासात होते. कोड मिळेपर्यंत गायिकेचा गळा थंड झाला. शेवटी मुख्य सॉफ्टवेअरमधलाच साधा रिव्हर्ब लावून ओळ घेतली आणि मूळ मिक्स नंतर जुळवावा लागला.

यात प्लगइनमध्ये कोणताही बिघाड नव्हता. परवाना वैध होता, पैसे भरलेले होते. बिघडला तो मध्यस्थ. एका प्रोजेक्टमध्ये सात-आठ कंपन्यांची प्लगइन असणे आज अगदी सामान्य आहे. म्हणजे सात-आठ ठिकाणी असे काही घडण्याची शक्यता असते आणि त्यांतील एकही जागा संगीतकाराच्या ताब्यात नसते.

ॲप बंद केले तरी काहीतरी मागे चालू राहते असे दिसते. ते काय असते?

पुष्कळ मॅनेजर ॲप स्वतःबरोबर पार्श्वभूमीवर चालणारी सेवा बसवतात. नेटिव्ह ॲक्सेसबरोबर ‘एनटीके डीमन’ नावाची सेवा येते. आयलॉकबरोबर पेसची परवाना-सेवा येते आणि ती संगणक सुरू झाल्यापासून चालू असते. अशा सेवांना बहुधा प्रशासकाचे अधिकार असतात, कारण संरक्षित फोल्डरमध्ये फाइल ठेवायची तर ते अधिकार लागतातच.

यातून तीन गोष्टी उद्भवतात. पहिली, संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ आणि स्मृतीचा वापर. एकेका सेवेचा भार लहान असला, तरी त्या दहा झाल्या की जुन्या लॅपटॉपवर जाणवतो. दुसरी, सुरक्षिततेची. प्रशासकाच्या अधिकाराने सतत चालणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेत एखादी चूक राहिली, तर तीतून संपूर्ण संगणकावर ताबा मिळवण्याचा मार्ग खुला होऊ शकतो. आवाज घडवणाऱ्या कंपनीचे कौशल्य ध्वनिप्रक्रियेत असते. प्रणालीपातळीवरील सुरक्षित सेवा लिहिणे हे वेगळेच शास्त्र आहे. तिसरी गोष्ट ॲपच्या घडणीची. नेटिव्ह ॲक्सेसची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली ती इलेक्ट्रॉन या चौकटीवर बांधलेली. इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक ॲपमध्ये क्रोमियम ब्राउझरचा गाभा सामावलेला असतो, म्हणून काम लहान असले तरी ॲपचा आकार मोठा होतो.

काय काय चालू आहे हे पाहायचे असेल, तर विंडोजवर ‘सर्व्हिसेस’ उघडा. मॅकवर व्हेंचुरा आवृत्तीपासून ‘लॉगिन आयटम्स’मध्ये पार्श्वभूमीला चालणारी ॲप वेगळी दाखवली जातात. तेथून काहीही बंद करण्यापूर्वी ते परवाना तपासते की केवळ नव्या आवृत्त्या शोधते, हे कंपनीच्या मदतपानावर पाहून घ्या. पेसची सेवा बंद केली, तर आयलॉकवर अवलंबून असलेली सगळी प्लगइन बंद पडतील. केवळ नव्या आवृत्त्या शोधणारी सेवा मात्र निर्धास्तपणे बंद ठेवता येते.

सी ड्राइव्ह भरून गेला. लायब्ररी दुसऱ्या ड्राइव्हवर कशी न्यावी?

पहिली लायब्ररी उतरवण्यापूर्वीच ॲपच्या सेटिंगमध्ये जागा बदलून घ्या. नेटिव्ह ॲक्सेसमध्ये डाउनलोडची जागा आणि आशयाची (लायब्ररीच्या फाइलची) जागा वेगवेगळी ठरवता येते. आरंभी दोन्ही मुख्य ड्राइव्हवरच असतात, आणि लहान एसएसडीवर काम करणाऱ्यांची फसगत येथेच होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उतरवलेली बंद फाइल आणि तिच्यातून मोकळा झालेला साठा हे दोन्ही काही काळ ड्राइव्हवर एकत्र राहतात. त्यामुळे ५० जीबीच्या लायब्ररीला बसवताना त्याहून बरीच अधिक मोकळी जागा लागू शकते.

लायब्ररी आधीच बसवलेली असेल, तर फोल्डर हाताने हलवून नंतर ॲपमध्ये नवी जागा दाखवावी. कॉन्टॅक्ट या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही नोंद कोठे राहते ते माहीत असलेले बरे. प्रत्येक परवानाधारक लायब्ररीची एक लहान एक्सएमएल फाइल नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या सामायिक फोल्डरमध्ये असते आणि लायब्ररी कोणत्या ड्राइव्हवर आहे याची नोंद विंडोजवर रजिस्ट्रीत, तर मॅकवर प्रेफरन्सेसमधील प्लिस्ट फाइलमध्ये असते. एक्सएमएल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचे नाव आजही ‘सर्व्हिस सेंटर’ असे आहे. सर्व्हिस सेंटर हे नेटिव्ह ॲक्सेसच्या आधीचे ॲप होते आणि २०१६ मध्ये नेटिव्ह ॲक्सेसने त्याची जागा घेतली. नवे ॲप जुन्याच पायावर उभे असते आणि दोन्हींच्या नोंदी जुळल्या नाहीत की ‘लायब्ररी सापडली नाही’ असा संदेश येतो. लायब्ररीच्या सगळ्या फाइल तेव्हा ड्राइव्हवर जागच्या जागी असतात. तो संदेश पाहून पुन्हा सगळे उतरवायला घेऊ नका, आधी ॲपमधील जागा दुरुस्त करून पाहा.

ज्या लायब्ररी कॉन्टॅक्ट प्लेयरसाठी (कॉन्टॅक्टच्या मोफत आवृत्तीसाठी) परवानाबद्ध नाहीत, त्या पूर्ण कॉन्टॅक्टमध्ये फाइल-ब्राउझरमधून थेट उघडता येतात. त्यांना नेटिव्ह ॲक्सेसची गरजच नसते. लहान निर्मात्यांच्या अनेक लायब्ररी अशाच असतात.

आमच्याकडे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतो. एवढ्या मोठ्या फाइल कशा उतरवायच्या?

दिवसाला २ जीबीच्या मोबाइल योजनेवर ६४ जीबीची लायब्ररी उतरवायला, दुसरे काहीही न वापरता, ३२ दिवस लागतील. तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणाऱ्यांसाठी हा हिशेब आहे, आणि मॅनेजर ॲप बनवणाऱ्यांच्या विचारात तो नसतो असे अनेक ॲप वापरताना जाणवते.

मार्ग तीन आहेत. प्रत्यक्ष वस्तू मिळत असेल तर ती घ्या. स्पेक्ट्रासॉनिक्स ऑम्निस्फिअर यूएसबी ड्राइव्हवरही विकत आली आहे. दुसरा मार्ग, शहरातील एखाद्या मित्राच्या संगणकावर आपल्या खात्याने लॉगिन करून लायब्ररी बाह्य ड्राइव्हवर उतरवून आणणे. मात्र त्या संगणकावर परवाना सक्रिय होणार नाही, किंवा झाला तर परत काढून घेता येईल, याची खात्री करा. तिसरा, मदतकक्षाला लिहून थेट डाउनलोड दुवे मागणे. काही कंपन्या मागितल्यावर देतात, पण संकेतस्थळावर तसे लिहीत नाहीत.

स्टुडिओचा संगणक मी मुद्दाम इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे. अशा संगणकावर काय चालेल?

हा उत्तम नियम आहे आणि अनेक व्यावसायिक स्टुडिओ तो पाळतात, कारण चालू कामाच्या मध्ये आपोआप होणारा कोणताही बदल त्यांना नको असतो.

आयलॉकचा परवाना तीन ठिकाणी राहू शकतो: संगणकावर, यूएसबी डोंगलवर (संगणकाला लावायच्या परवाना-किल्लीवर) किंवा क्लाउडवर. यांपैकी कोणते पर्याय खुले आहेत, हे प्लगइन बनवणारी कंपनी ठरवते. क्लाउडसाठी काम चालू असेपर्यंत इंटरनेट लागते, म्हणून तुटलेल्या संगणकाला तो निरुपयोगी आहे. डोंगल मात्र चालतो. दुसऱ्या संगणकावर परवाने भरून तो स्टुडिओत लावता येतो. वेव्हजचे परवाने साध्या पेनड्राइव्हवर ठेवता येतात, आणि वेव्हज सेंट्रलमध्ये ऑफलाइन इन्स्टॉलर तयार करण्याची सोयही आहे. ही सोय कंपनीने देऊ केली आहे, याबद्दल तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. ज्या ॲपमध्ये असा कोणताही मार्ग नाही, त्यांची उत्पादने अशा संगणकासाठी घेऊ नयेत, मग सवलत कितीही मोठी असो.

कंपनी बंद पडली किंवा तिने सर्व्हर बंद केला तर?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, कारण बाकीच्या अडचणी वेळ खातात आणि ही अडचण केलेले कामच हिरावून घेते.

कॅमल ऑडिओ ही अल्केमी नावाचा गाजलेला सिंथेसायझर बनवणारी कंपनी २०१५ च्या आरंभी बंद झाली. ॲपलने ती विकत घेतल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि अल्केमी त्याच वर्षी लॉजिकमध्ये आला. विंडोजवरील ग्राहकांसाठी तो कायमचा थांबला. परंतु ज्यांनी इन्स्टॉलर आणि परवान्याची फाइल जपून ठेवली होती, त्यांना जुना अल्केमी पुढेही वापरता आला, कारण बसवताना कोणत्याही सर्व्हरला विचारावे लागत नव्हते. गिब्सनने नोव्हेंबर २०१७ मध्ये केकवॉकचे काम थांबवल्याची घोषणा केली, तेव्हा सोनार हे तिचे ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हीच चिंता पडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने केकवॉकची मालमत्ता घेतली म्हणून निभावले. दर वेळी असा खरेदीदार मिळेलच असे नाही.

तिसरे उदाहरण चालू असलेल्या, भरभक्कम कंपनीचे आहे. स्टाइनबर्गने २०२२ मध्ये डोरिको ४ (स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर) आणि क्युबेस १२ पासून नवी परवाना-पद्धत आणली आणि ई-लायसन्सर या जुन्या परवाना-पद्धतीची सेवा २० मे २०२५ रोजी बंद केली. डोंगलवरचे परवाने डोंगल चालेपर्यंत चालतात. पण तो बिघडला किंवा परवाना दुसरीकडे हलवायचा झाला, तर मागे सर्व्हर उरलेला नाही. कंपनीने आधी पुरेशी सूचना दिली होती आणि नवी पद्धत डोंगलपेक्षा निश्चितच सोयीची आहे. तरीही ज्यांची जुनी प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीवर अवलंबून आहेत, त्यांच्यासाठी एक दार बंद झाले.

आता कल्पना करा की दहा वर्षांपूर्वीचा एखादा मराठी भावगीतांचा संच पुन्हा मिक्स करायचा आहे. ध्वनिमुद्रणे आहेत, प्रोजेक्टची फाइल आहे, प्लगइनची पावतीही आहे. मात्र प्लगइन बसवण्याचा एकमेव मार्ग असलेले ॲप अस्तित्वात नाही. टेपवरच्या ध्वनिमुद्रणासाठी निदान चालू यंत्र शोधता येते. येथे शोधण्यासारखे काही मागे राहत नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामात, प्लगइन लावलेला प्रत्येक ट्रॅक परिणामासहित वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवावा, आणि परिणाम नसलेला मूळ ट्रॅकही सोबत ठेवावा. जागा लागते, पण सध्या खात्रीचा उपाय एवढाच आहे.

जुना संगणक उत्तम चालतो, पण मॅनेजर ॲप म्हणते की कार्यप्रणाली जुनी झाली. प्लगइन मात्र त्या प्रणालीवर चालते. हे कसे?

प्लगइन आणि ॲप यांच्या गरजा वेगळ्या असतात आणि वेगळ्या वेगाने वाढतात. चार वर्षांपूर्वीचे प्लगइन जुन्या मॅकवर बिनतक्रार चालते, परंतु ते उतरवून देणाऱ्या ॲपची नवी आवृत्ती त्या मॅकवर बसत नाही आणि जुनी आवृत्ती सर्व्हर स्वीकारत नाही. परिणामी चालण्याजोगे सॉफ्टवेअर केवळ पोहोचवण्याच्या मार्गामुळे बाद होते. यावर कंपनीकडे जुन्या आवृत्तीचे स्वतंत्र इन्स्टॉलर मागावेत. ज्यांच्याकडे ते सार्वजनिक संग्रहात उपलब्ध आहेत, त्यांचे संकेतस्थळ आजच उघडून आपल्या प्लगइनचे इन्स्टॉलर बाह्य ड्राइव्हवर ठेवून द्यावेत.

पैसे भरले म्हणजे प्लगइन माझे झाले ना?

बहुतेक करारांनुसार तुम्हाला वापराचा परवाना मिळतो, मालकी मिळत नाही. कायमस्वरूपी परवाना आणि वर्गणी यांतील फरक मात्र खरा आहे आणि तो टिकला पाहिजे. मार्च २०२३ मध्ये वेव्हजने कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून केवळ वर्गणीवर जाण्याचे जाहीर केले. जगभरच्या ग्राहकांनी इतका तीव्र विरोध केला की काही दिवसांतच कंपनीने कायमस्वरूपी परवाने पुन्हा सुरू केले.

भारतात वर्गणीची आणखी एक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या आवर्ती रकमांसाठी ग्राहकाची नोंदणीकृत संमती आणि अतिरिक्त पडताळणी आवश्यक झाली. ग्राहकाच्या दृष्टीने नियम हिताचा आहे, पण ज्या परदेशी विक्रेत्यांनी ही व्यवस्था जोडून घेतलेली नाही, त्यांची मासिक रक्कम नाकारली जाते. रक्कम नाकारली गेली की मॅनेजर ॲप पुढच्या तपासणीत प्लगइन बंद करते. वर्गणी घ्यायचीच असेल, तर शक्य तेथे वर्षाची रक्कम एकदम भरावी.

पण या ॲपमुळे चोरीला आळा बसतो ना?

कंपन्यांची चिंता खरी आहे. प्लगइन बनवणारी अनेक माणसे दोन-चार जणांच्या चमूत काम करतात आणि प्रत्येक चोरलेली प्रत त्यांच्या उत्पन्नावर घाव घालते. म्हणून परवाना तपासण्याला विरोध करणे योग्य नाही. परंतु परवाना तपासणे आणि ॲपची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संरक्षण तोडून वाटली जाणारी प्रत मॅनेजर ॲपशिवाय, लॉगिनशिवाय आणि पार्श्वसेवेशिवाय चालते. ॲपचा सारा जाच प्रामाणिक ग्राहकालाच सोसावा लागतो. हे लिहिताना तोडलेली प्रत वापरण्याचे समर्थन मी करत नाही. त्या प्रतींसोबत काय येते हे कोणालाच ठाऊक नसते, आणि ज्याच्या कष्टांवर आपले संगीत उभे राहते त्याला मोबदला मिळालाच पाहिजे.

मग ॲपशिवाय व्यवस्थित विकणाऱ्या कंपन्या आहेत का?

आहेत, आणि त्या पहिल्या दर्जाच्या आहेत. फॅबफिल्टरचे इन्स्टॉलर संकेतस्थळावरून थेट मिळतात आणि परवाना म्हणजे ईमेलने आलेला मजकूर, जो प्लगइनमध्ये चिकटवायचा असतो. व्हॅलहल्ला डीएसपी परवान्याची एक लहान फाइल देते. यू-ही नाव आणि क्रमांक मागते. टोकियो डॉन आणि व्हॉक्सेंगो यांची पद्धतही अशीच साधी आहे. रीपर तर संपूर्ण ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअर असूनही ६० दिवसांची पूर्ण चाचणी देते आणि पेनड्राइव्हवरूनही चालवता येते. या कंपन्या वर्षानुवर्षे टिकून आहेत, म्हणजे सक्तीच्या ॲपशिवाय व्यवसाय होत नाही हे म्हणणे टिकत नाही.

ॲप काढून टाकले तर बसवलेली प्लगइन चालतील का?

बहुधा चालतात, कारण प्लगइनची फाइल आपल्या जागी राहते. परवाना तपासणारी सेवा ॲपसोबतच निघून जात असेल, तर चालणार नाहीत. संगणक बदलणार असाल, तर ॲप काढण्यापूर्वी परवाने निष्क्रिय करून घ्या. नाहीतर जुना संगणक तुमच्या मर्यादित सक्रियतांपैकी एक अडवून बसेल.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

स्वतंत्र इन्स्टॉलर मिळतो का, हे आधी पाहा. कंपनीचे डाउनलोड पान लॉगिनशिवाय उघडून पाहिले की उत्तर मिळते. मग परवाना किती संगणकांवर चालतो आणि तो निष्क्रिय करणे तुमच्या हातात आहे की मदतकक्षाच्या, ते पाहा. संगणक अचानक बंद पडला तर हाच मुद्दा आडवा येतो. एकदा सक्रिय झाल्यावर प्लगइन पुन्हा इंटरनेट मागते का आणि किती दिवसांनी, हेही विचारा. आयलॉक लागत असेल, तर संगणकावरचा पर्याय आहे की केवळ डोंगल व क्लाउड, ते उत्पादनाच्या पानावर लिहिलेले असते. शेवटी, चाचणी आवृत्ती आपल्या नेहमीच्या संगणकावर, आपल्या नेहमीच्या इंटरनेटवर बसवून पाहा. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिक चित्रफितीपेक्षा या एका संध्याकाळीतून अधिक कळते. आवाज आवडला आणि ॲपने वैताग आणला, तर तो वैताग पुढची अनेक वर्षे सोबत राहणार आहे असे धरूनच निर्णय घ्या.

कंपनीला कळवून काही उपयोग होतो का?

होतो. वेव्हजचे २०२३ मधील उदाहरण वर दिले आहेच. मात्र ‘तुमचे ॲप भिकार आहे’ असे लिहिल्याने मदतकक्षातील कर्मचाऱ्याचा दिवस खराब होण्यापलीकडे काही होत नाही. पत्र लहान ठेवा आणि मागणी नेमकी ठेवा. कोणते प्लगइन, कोणती कार्यप्रणाली, ॲपच्या कोणत्या टप्प्यावर काम अडले, त्यामुळे सत्रात काय नुकसान झाले, हे चार वाक्यांत सांगा. त्यानंतर तीन गोष्टी मागा: विकत घेतलेल्या आवृत्तीचा स्वतंत्र इन्स्टॉलर, इंटरनेटशिवाय परवाना सक्रिय करण्याचा मार्ग, आणि सेवा बंद करायची वेळ आलीच तर सर्व्हरविना चालणारी अखेरची आवृत्ती देण्याचे लेखी आश्वासन. उत्तर आले की ते पावतीसोबत जपून ठेवा, आणि खरेदी न करण्याचे ठरवले असेल तर त्याचे कारण हेच आहे, हेही त्यांना कळवा. विकत घेणारा ग्राहक का परत गेला, हे विक्री विभागाला एरवी कळायला दुसरा मार्ग नसतो.